फासे आपले, पोथी मात्र परक्याची!

अलीकडे दर रविवारी दुपारी माझ्या घरात एक वाक्य हमखास ऐकू येते. "काका, पुस्तक कशाला काढतासा? मोबाईलवर हाय की सगळं!" बोलणारा माझा पुतण्या, वय वर्षे सोळा. आजवर मी हसून सोडून देत आलो. परवा माझी भाचीही त्याच्या बाजूने बोलू लागली, तेव्हा प्रकरण लेखी उत्तर देण्याइतके वाढले आहे अशी माझी खात्री झाली. ते उत्तर इथे देतो.

ज्या वाचकांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडे सांगायला हवे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या गावातून १९७४ साली बाहेर पडला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका, आणि पहिली आवृत्ती हजार प्रतींची. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचे. एकाने सूत्रधार व्हायचे, बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचे. सूत्रधार प्रसंग सांगतो आणि विचारतो, "तुम्ही काय करता?" कोणी म्हणतो, "मी दार ढकलतो." दार उघडेल की नाही याची शंका असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. उरलेला सगळा खेळ बोलण्याचा. लहानपणी आपण अंगणात चोर-शिपाई खेळत होतो, तोच हा प्रकार. तिथे 'तुला लागली', 'नाही लागली' यावरून डाव मोडायचा. इथे तो मोडू नये म्हणून नियमांचे पुस्तक असते.

माझ्याकडचे पहिले पुस्तक १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीचे. माझ्या मामेभावाने १९९४ साली अमेरिकेहून येताना ते आणले. तेव्हाच ते वापरलेले होते. पुढे त्याची शिवण सुटली, ती मी गावातल्या बायंडरकडून दोनदा घालून घेतली. पुस्तक काढणारी टीएसआर ही कंपनी १९९७ साली विकली गेली. माझ्या पुस्तकाला ती बातमी अजून कळलेली नाही. ते उघडले की आजही खेळ सुरू होतो.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे. ते पोकळ नाही, म्हणून नीट मांडतो. आजच्या आवृत्तीचे खेळाडूचे एकच पुस्तक ३८४ पानांचे आहे. सूत्रधाराचे वेगळे, राक्षसांचे वेगळे. तिन्ही परदेशी आणि महाग. इतके ओझे पिशवीत घालून कोण हिंडणार? अॅपमध्ये शब्द टाकला की नियम समोर येतो. बेरीज-वजाबाकी तेच करते. माझा एक भाचा नोकरीनिमित्त परदेशी असतो, तो पडद्यावरूनच आमच्यात बसतो. ज्यांची दृष्टी अधू आहे त्यांना अक्षर मोठे करून घेता येते. २०२० साली सगळे घरात अडकले तेव्हा पडद्यावरच्या टेबलांनीच कितीतरी मंडळांचे खेळ जिवंत ठेवले. हे सगळे मला मान्य आहे. यातले एकही कलम मी खोडणार नाही.

पण यंदाच्या आषाढातली एक गोष्ट ऐका. आमच्याकडचा पाऊस काय असतो ते बेळगावकरांना सांगायला नको. ऐन लढाईत वीज गेली आणि पाठोपाठ मोबाईलची रेंजही गेली. शेजारच्या मुलाचा योद्धा पाचव्या पातळीचा. त्याने फासा टाकला, बारा पडले. मी विचारले, "बारा अधिक किती?"

"सात."

"सातच का?"

मुलगा गप्प. गेले सहा महिने तो सात मिळवत होता. सात कोठून येतात हे त्याला कधी कळायची गरजच पडली नव्हती. मेणबत्ती लावून मी २०१४ चे पुस्तक उघडले. बळ अठरा, म्हणून चार. पाचव्या पातळीचे कसब, म्हणून तीन. चार आणि तीन सात. त्याने लगेच विचारले, "मग बळ वीस झालं तर?" मी म्हणालो, "तर पाच, म्हणजे एकूण आठ." त्या क्षणापासून तो मुलगा खेळू लागला. तोवर तो नुसता फासे टाकत होता.

हा प्रश्न हिशेबापुरता नाही. ज्याला नियम कळतो त्यालाच सूत्रधाराशी वाद घालता येतो. आमच्या टेबलावर मी चुकलो की भाची पुस्तक ओढून घेते, बोट ठेवते आणि मला माघार घ्यायला लावते. अॅपने आकडा दिला की बोट कशावर ठेवायचे? तिथे उत्तर तेवढे दिसते, उत्तरामागचे वाक्य कोणी उघडून बघत नाही.

दुसरे असे, की शोधयंत्र तुम्ही विचाराल तेवढेच दाखवते. पुस्तक न विचारलेलेही दाखवते. दोराचा नियम शोधताना शेजारच्या रकान्यातला कंदील दिसतो आणि पुढच्या रविवारची गोष्ट सुचते. गायगॅक्सने १९७९ च्या सूत्रधार-ग्रंथाच्या शेवटी आपल्याला स्फूर्ती देणाऱ्या कथा-कादंबऱ्यांची यादी जोडली आहे. नियम शोधायला गेलेली कितीतरी पोरे त्या यादीमुळे वाचनाला लागली. ती यादी त्यांनी शोधली नव्हती. पाने उलटताना ती भेटली.

तरीही ही भांडणे सवयीची आहेत असे कोणी म्हणेल. म्हणो बापडा. माझा खरा मुद्दा याहून गंभीर आहे. नियमांची पोथी कोणाच्या घरात आहे?

घडलेल्या तीन गोष्टी सांगतो. २००९ सालच्या एप्रिलमध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्ट या आजच्या मालक कंपनीने चाचेगिरीचे कारण देऊन आपल्या पुस्तकांच्या संगणकीय प्रतींची विक्री एकाएकी बंद केली. एका मोठ्या दुकानातून ज्यांनी आधीच पैसे मोजून प्रती घेतल्या होत्या त्यांनाही त्या पुन्हा उतरवून घेता येईनात. विक्री परत सुरू व्हायला २०१३ उजाडले. दुसरी गोष्ट चौथ्या आवृत्तीची. ती २००८ साली निघाली. पात्रे बनवायची तिची साधने आधी खेळाडूच्या संगणकावर होती. २०१० साली ती कंपनीच्या संकेतस्थळावर गेली आणि जानेवारी २०२० मध्ये ती खिडकी कायमची बंद झाली. चौथ्या आवृत्तीची छापील पुस्तके ज्यांच्या फळीवर आहेत ते आजही खेळू शकतात.

तिसरी गोष्ट ताजी आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये नवी आवृत्ती यायच्या तोंडावर त्याच कंपनीने जाहीर केले, की संकेतस्थळावरच्या पात्रांच्या कागदांवर जुन्या मंत्रांच्या आणि जादूच्या वस्तूंच्या जागी नवे नियम येतील. जुने पुस्तक वाचायला मिळणार होते. पण आपल्या पात्राला जुनाच मंत्र हवा असेल तर तो ज्याचा त्याने हाताने भरायचा. उदाहरण घ्या. जखमा भरण्याचा साधा मंत्र २०१४ च्या पुस्तकात आठ बाजूंच्या एका फाशाचा होता, २०२४ च्या पुस्तकात तो दोन फाशांचा झाला. माझ्या मते बदल चांगला आहे. पण चालू खेळाच्या मध्येच तो करायचा की नाही, हे आमच्या टेबलाने ठरवायचे की समुद्रापलीकडच्या कचेरीने? जगभरच्या खेळाडूंनी आरडाओरडा केला आणि काही दिवसांतच कंपनीने माघार घेतली. पोरे म्हणतात, "घेतली ना माघार? मग झालं की!" अरे बाबांनो, त्यांनी बदलले नाही याचा आनंद माना, पण त्यांना बदलता येत होते हे विसरू नका. माझ्या घरातल्या पुस्तकातली एक ओळ बदलायची तर त्यांना रात्री माझ्या घराचे कुलूप फोडावे लागेल.

द्यूतसभेची गोष्ट आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकतो. युधिष्ठिराला खेळता येत नव्हते हा त्याचा एक दोष झाला. दुसरा, मोठा दोष असा, की फासे शकुनीच्या हातात आहेत हे दिसत असूनही तो पटावर बसला. इथे कंपनी शकुनी आहे असे मी म्हणत नाही. तिला धंदा करायचा आहे, तो तिने करावा. मी एवढेच म्हणतो, की पाच जणांनी मिळून पाळायचा करार सहाव्याच्या कपाटात ठेवू नये. आम्ही सीमाभागातली माणसे. जमिनीचा उतारा आणि शाळेचा दाखला जपून ठेवायला आम्हाला कोणी शिकवावे लागत नाही. मग खेळाचाच कागद दुसऱ्याच्या भरवशावर का सोडायचा?

इथे पुतण्या मला पकडणार, हे मी जाणून आहे. कारण माझ्या घरात असलेली नियमांची सगळ्यात उपयोगी प्रत मी इंटरनेटवरूनच उतरवून घेतली आहे! त्याचे असे झाले. या खेळावर इतरांनाही लिहिता यावे म्हणून २००० साली एक मोकळा परवाना निघाला होता. २०२३ च्या आरंभी कंपनी तो बदलायला निघाली. मोठा गदारोळ झाला. अखेर त्याच जानेवारीत तिने मूळ नियमांचा सुमारे चारशे पानांचा संच क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोकळा केला. हा परवाना दिला की परत घेता येत नाही. २०२५ साली नव्या आवृत्तीचा नियमसंचही तसाच खुला झाला. तेव्हा विजेशी माझे भांडण नाही. जी फाईल माझ्या संगणकावर आहे, जिला कुलूप नाही, जी मी हवी तेव्हा कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे नेऊ शकतो, ती माझ्या लेखी पुस्तकच आहे. माझे भांडण भाड्याच्या पोथीशी आहे.

आणि या खुल्या संचामुळे एक असे काम शक्य झाले आहे, जे कोणत्याही भाड्याच्या अॅपमध्ये आपल्याला करता येणार नाही. मूळ कर्त्यांचा उल्लेख केला की त्या नियमांचे भाषांतर करायला आणि ते छापायला कोणाचीही आडकाठी नाही. फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि स्पॅनिश भाषांत तो संच कंपनीनेच दिला. मराठीत देण्यासाठी ती आपल्या दारी येणार नाही. ते आपल्यालाच करावे लागेल.

माझ्या टेबलावरची चारही पोरे इंग्रजी शाळेत जातात. एकाच्या घरी कन्नड बोलतात. एरवी ती घरात दोन वाक्यांपलीकडे बोलत नाहीत. रविवारी मात्र तीन-तीन तास बोलतात, भांडतात, राजाची मनधरणी करतात, चेटकिणीला थापा मारतात, आणि हे सगळे मराठीत. फक्त नियम आला की जीभ इंग्रजीवर घसरते, कारण पोथी इंग्रजीत आहे. म्हणून गेल्या महिन्यात आम्ही एक दोनशे पानी वही घातली. लढाईत कोण आधी, कोण नंतर हे ठरवणाऱ्या फाशाला काय म्हणावे, यावरच पहिली दुपार गेली. शेजारच्या मुलाने कन्नडातला 'सरदी' सुचवला, तेव्हा बाकीची पोरे खोटे खोटे शिंकू लागली. शेवटी 'क्रम' ठरला. सरदी कंसात राहिली.

वहीची आजवर एकोणीस पाने झाली आहेत. अक्षर पुतण्याचे आहे. मागच्या रविवारी एका नियमावर अडले, तेव्हा त्याने खिशातला मोबाईल काढला, पुन्हा आत ठेवला आणि म्हणाला, "थांबा काका, आपल्या वहीत हाय."