आरोग्यविचार : केसांसाठीं रक्तदाबाची गोळी

केस गळूं लागले म्हणजे आपल्या घरांतून दोन प्रकारचीं उत्तरें मिळतात. पुरुष असेल तर त्याच्या टकलावर चार विनोद होतात. स्त्री असेल तर तिला माका, जास्वंद आणि शिकेकाई यांची यादी मिळते. दोन्ही उत्तरांत जिव्हाळा असतो, पण विचार नसतो. ज्याचे केस जात असतात त्यास ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी वाटत नाहीं, आणि तेवढ्यासाठीं त्यास उथळ ठरविण्याचेंही कारण नाहीं. आपल्या समाजास तर हें सांगण्याची गरज पडूं नये. नाशिकास रामकुंडावर पुरुष आपण होऊन क्षौर करतो तेव्हां तो धर्मविधि ठरतो. परंतु पूर्वींच्या पिढ्यांत आपल्याच घरांतील विधवांचें जें केशवपन होई, त्यास विधीचें नांव असलें तरी तें त्या स्त्रियांचें मानखंडन होतें. केस गेल्यानें माणसाच्या मनास काय होतें हें ज्या समाजानें इतक्या जवळून पाहिलें, त्यानें या दुःखास नखरा म्हणूं नये.

हा विषय आज घेण्याचें निमित्त म्हणजे नाशिकहून आलेलें एका वाचकांचें पत्र. त्यांच्या सव्वीस वर्षांच्या कन्येचा भांग गेलीं दोन वर्षें रुंदावत चालला आहे. त्वचारोगतज्ज्ञांनीं तिला मिनॉक्सिडिल नांवाच्या औषधाची अल्प मात्रा रोज पोटांत घेण्यास सांगितली. वडिलांनीं गोळ्यांबरोबरचा माहितीचा कागद वाचला. त्यांत उच्च रक्तदाबाचा उल्लेख आहे, हृदयासंबंधीं इशारे आहेत. केसांवरील उपाय म्हणून मात्र एक अक्षरही नाहीं. मुलीचें लग्न येत्या मार्गशीर्षांत ठरलें आहे. "तिला रक्तदाब नाहीं. मग निरोगी मुलीस रक्तदाबाची गोळी देणारे डॉक्टर चुकले, कीं तो कागद वाचून घाबरणारा मी चुकलों?" असा त्यांचा प्रश्न आहे. पत्राच्या शेवटीं त्यांनीं असेंही लिहिलें आहे कीं, त्यांचा पुतण्या कोणाही डॉक्टरास न दाखवितां, मित्राच्या सांगण्यावरून तीच गोळी मोठ्या मात्रेंत घेत आहे.

आमच्या मतें डॉक्टर आणि वडील या दोघांपैकीं कोणीच चुकलेलें नाहीं. चुकला असेल तर तो पुतण्या.

औषधास सरकारी मान्यता मिळते ती ठराविक रोगासाठीं व ठराविक मात्रेसाठीं. कंपनीनें ज्या उपयोगाचे पुरावे सादर केले असतील तेवढाच उपयोग कागदावर छापला जातो. पुढें अनुभवानें व संशोधनानें त्याच औषधाचा दुसरा गुण ध्यानांत आला, तर डॉक्टर आपल्या जबाबदारीवर तें त्या कारणासाठींही देतात. मधुमेहाचें मेटफॉर्मिन हें औषध पीसीओएस या बीजकोशांच्या विकारांत पुष्कळ मुलींस दिलें जातें, तें याच न्यायानें. जुन्या औषधाचें पेटंट संपलेलें असलें म्हणजे त्याच्या नव्या उपयोगासाठीं मान्यता मिळविण्याचा प्रचंड खर्च सोसण्यांत कोणत्याही कंपनीस लाभ नसतो. त्यामुळें असे उपयोग वर्षानुवर्षें कागदाबाहेरच राहतात. तेव्हां कागदावर नसणें म्हणजे भोंदूपणा नव्हे. मात्र त्याचा एक अर्थ खरा आहे. या उपयोगासाठीं मात्रा किती, लाभ किती आणि धोका किती, हा हिशेब सरकारी यंत्रणेनें तपासून दिलेला नाहीं; तो डॉक्टर व रोगी यांनीं मिळून मांडावयाचा आहे. पुतण्यानें टाळला तो नेमका हाच हिशेब.

या औषधाचा इतिहास मनोरंजक आहे. अमेरिकेंतील अपजॉन कंपनीनें तें रक्तवाहिन्या सैल करून रक्तदाब उतरविणारें औषध म्हणून पुढें आणलें. इतर औषधांस दाद न देणाऱ्या तीव्र रक्तदाबासाठीं त्याच्या गोळ्यांस अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें १९७९ सालीं मान्यता दिली. त्या गोळ्या घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ८० च्या आसपास रोग्यांच्या कपाळावर, गालांवर, हातांवर केस वाढूं लागले. जो दुष्परिणाम होता, त्यांतूनच औषधाचा द्रव करून डोक्यास लावण्याची कल्पना निघाली. १९८८ सालीं हा द्रव पुरुषांच्या टकलासाठीं मान्य झाला व पुढें स्त्रियांसाठींही झाला. म्हणजे केसांसाठीं डोक्यास लावण्याचें मिनॉक्सिडिल मान्यताप्राप्त आहे. पोटांत घेण्याचें नाहीं. गेल्या कांहीं वर्षांत मात्र डॉक्टर पुन्हा गोळीकडे वळले. मेलबर्न येथील त्वचारोगतज्ज्ञ रॉडनी सिंक्लेअर यांनीं १०० स्त्रियांस पाव मिलिग्रॅम मिनॉक्सिडिल व त्याच्या जोडीस २५ मिलिग्रॅम स्पायरोनोलॅक्टोन देऊन आलेला चांगला अनुभव २०१८ सालीं प्रसिद्ध केला, आणि तेव्हांपासून या अल्पमात्रेचा प्रसार जगभर झाला.

द्रव असतांना गोळी कां, असें कोणी विचारील. डोक्यास लावण्याचें औषध रोज नेमानें चोळावें लागतें. केस चिकट होतात, कांहींची त्वचा खाजते, आणि बरेचजण थोड्या महिन्यांत कंटाळून तें सोडतात. दुसरें कारण शास्त्रीय आहे. मिनॉक्सिडिल आहे त्या रूपांत केसांवर काम करीत नाहीं. शरीरांतील एका एन्झाइमानें त्याचें सल्फेट बनविल्यावरच त्याचा गुण येतो. ज्यांच्या डोक्याच्या त्वचेंत हें एन्झाइम कमी असतें त्यांस नुसतें लावून फारसा लाभ होत नाहीं. गोळी घेतली म्हणजे हें रूपांतर यकृतांतही होतें.

पण यांतच धोक्याचेंही मूळ आहे. लावलेलें औषध बहुतांशीं डोक्यावरच राहतें. गिळलेली गोळी रक्ताबरोबर सर्व शरीरांत जाते. रक्तदाबासाठीं ती साधारणतः १० ते ४० मिलिग्रॅम दिली जाते, आणि त्या मात्रेंत छातींत धडधड होणें, पाय सुजणें, क्वचित् हृदयाभोंवतीं पाणी सांचणें असे परिणाम होऊं शकतात. कागदावरचे कडक इशारे आहेत ते त्या मात्रेच्या अनुभवावरून. केसांसाठीं स्त्रियांस पाव ते अडीच मिलिग्रॅम व पुरुषांस अडीच ते पांच मिलिग्रॅम देण्याची पद्धति आहे. या अल्प मात्रेवर असलेल्या १,४०४ रोग्यांची माहिती निरनिराळ्या रुग्णालयांतून एकत्र करून २०२१ सालीं प्रसिद्ध झाली. तींत नको तेथें केस वाढल्याची तक्रार शेंकडा १५ जणांची होती. चक्कर सुमारें शेंकडा पावणेदोन, अंगावर सूज शेंकडा सव्वा आणि धडधड शेंकडा एकाहून कमी जणांस आढळली. म्हणजे जिवावर बेतणारे प्रसंग विरळा. परंतु सातांत एकास चेहऱ्यावर किंवा हातांवर लव वाढते, आणि लग्नाच्या मुलीच्या दृष्टीनें ही गोष्ट लहान नव्हे.

आणि लाभ? तो खरा आहे, पण चमत्कार नव्हे. ब्राझीलमध्यें ९० पुरुषांवर २४ आठवडे केलेला प्रयोग २०२४ सालीं प्रसिद्ध झाला. कांहींस रोज पांच मिलिग्रॅमची गोळी व कांहींस दोन वेळां लावण्याचा शेंकडा पांचाचा द्रव दिला असतां, गोळी द्रवाहून सरस ठरली नाहीं. तेव्हां गोळी अधिक जालीम असते हा समज सोडावा. ती अधिक सोयीची आहे, इतकेंच.

गोळीचा विचार करण्यापूर्वीं केस कां जातात हें ठरलें पाहिजे. रोज ५० ते १०० केस गळणें हें स्वाभाविक आहे. टायफॉइड, डेंग्यू, करोना यांसारख्या तापानंतर किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनीं मूठमूठ केस जातात आणि बहुधा पुढील सहा महिन्यांत आपोआप भरून येतात. तेथें गोळीचें कामच नसतें. रक्तांतील लोहाची उणीव किंवा थायरॉइडचा विकार असेल तर त्याचा उपाय निराळा. चाई पडणें हा तर सर्वस्वी भिन्न रोग आहे. आनुवंशिक गळतींत मात्र स्त्रियांचा भांग रुंदावतो, पुरुषांचें कपाळ मागें सरतें व टाळू उघडी पडते. मिनॉक्सिडिलचा मुख्य उपयोग येथें. कारण न शोधतां उपायामागें धांवण्याची व्यर्थता २०२५ च्या जानेवारींत सर्व महाराष्ट्रानें पाहिली. बुलढाणा जिल्ह्यांत शेगांव तालुक्यांतील कांहीं गांवांतून लोकांचे केस अवघ्या कांहीं दिवसांत गळून पडले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचें पथक तेथें गेलें; महाडचे सुप्रसिद्ध डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं आपल्या तपासाअंतीं खाण्यांतील गव्हांतून आलेल्या अधिक सेलेनियमकडे बोट दाखविलें. दोष अन्नांत असेल तर तेथें केस उगवण्याचें कोणतेंही औषध काय करणार?

आतां सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, जो पत्रांत विचारलेलाच नाहीं. ही गोळी किती दिवस घ्यावयाची? आनुवंशिक गळतींत तिचें उत्तर एकच आहे: केस हवे असतील तोंवर. गोळी सुरू केल्यावर पहिल्या एकदोन महिन्यांत उलट गळती वाढूं शकते, कारण नवे केस जुन्यांस ढकलून बाहेर काढतात. फरक दिसण्यास तीन ते सहा महिने लागतात. गोळी सोडली कीं मिळविलेलें थोड्याच महिन्यांत परत जातें. आज श्रावण चालू आहे. मार्गशीर्षास चार महिने आहेत. म्हणजे लग्नाच्या दिवशीं गुण दिसेलच याची शाश्वति नाहीं. गळतीचा पहिला काळ मात्र ऐन खरेदीच्या व केळवणांच्या दिवसांत येण्याचा संभव आहे.

याच्या पुढची पायरी अधिक नाजूक आहे. गरोदरपणीं हें औषध घेऊं नये. आईनें गोळ्या घेतल्यामुळें नवजात बालकाच्या अंगावर दाट केस आल्याचीं उदाहरणें नमूद आहेत. औषध दुधांतही उतरत असल्यामुळें अंगावर पाजीत असतांना तें वर्ज्य आहे. लावण्याचा द्रवही या काळांत बंदच ठेवतात. म्हणजे मूल हवें असें ठरलें कीं गोळी त्यापूर्वींच थांबवावी लागणार. थांबविल्यावर आलेले केस जाणार. आणि बाळंतपणानंतरची नैसर्गिक गळती त्यावर आणखी येणार. तीन वर्षांनीं आरशापुढें उभ्या राहिलेल्या त्या मुलीस हें सर्व अनपेक्षित आघातासारखें वाटूं नये, अशी इच्छा असेल तर तें तिला आज समजलें पाहिजे.

म्हणून आमचें मत असें. रक्ताची व थायरॉइडची तपासणी झाली असेल, रक्तदाब मोजला असेल, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार नसेल, मात्रा लहानांत लहान असेल आणि तीन महिन्यांनीं पुन्हा दाखविण्याचें ठरलें असेल, तर मुलीनें ही गोळी घेण्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु गोळी केवळ लग्नाच्या छायाचित्रांसाठीं घ्यावयाची असेल तर ती घेऊं नये. तेवढ्या मुदतींत तिचा भरंवसा नाहीं. दोनचार वर्षें मूल नको असा विचार असेल, तर मात्र तिचा उपयोग होण्यासारखा आहे. डॉक्टरांस हें स्पष्ट विचारावें. लग्न ठरल्याची गोष्ट संकोचानें त्यांच्यापासून लपवूं नये.

पुतण्यासाठीं दोन शब्द. हें चिठ्ठीवर घ्यावयाचें औषध आहे. आपल्या हृदयांत कांहीं दोष आहे कीं नाहीं हें तरुण माणसास पुष्कळदां ठाऊकही नसतें. छातींत दुखलें, धडधडलें, पाय किंवा डोळ्यांखालचा भाग सुजला, उभें राहतांना डोळ्यांपुढें अंधारी आली, तर त्यानें गोळी थांबवून त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. नाशिकास १९९८ पासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. सर्व शाखांचे वैद्य त्याच्या पदव्या घेऊन बाहेर पडतात. अशा शहरांत औषधाची मात्रा मित्रानें ठरवावी हें शोभत नाहीं. जाहिरातींवरही भिस्त ठेवूं नये. आपल्या औषधविषयक १९४५ च्या नियमांना जोडलेल्या 'जे' परिशिष्टांत, जे रोग बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधानें करूं नये असे रोग दिलेले आहेत. त्यांत टक्कल आहे आणि नवे केस उगवणें हेंही आहे. हमखास केस उगवून देण्याची बोली करणारा मनुष्य त्या नियमाच्या बाहेर उभा आहे, एवढें ध्यानांत ठेवावें.

शेवटीं वडीलधाऱ्यांस एक विनंति. गोळी घ्यावी कीं घेऊं नये हा निर्णय मुलीचा असूं द्या. सासरीं काय म्हणतील, पाहुण्यांत काय बोलतील, या भयानें तिच्या हातावर गोळी ठेवूं नका; आणि 'रक्तदाबाची' या शब्दाच्या भयानें ती हातांतून काढूनही घेऊं नका. लाभ, धोका व मुदत या तीन गोष्टी तिच्यापुढें ठेवाव्या आणि मग तिला विचार करूं द्यावा. स्त्रीचे केस ठेवावे कीं काढावे हें एके काळीं इतरांनीं ठरविलें. ते वाढविण्यासाठीं औषध घ्यावें कीं न घ्यावें, हें तरी आतां तिचें तिला ठरवूं द्यावें.