यंत्र आले, जबाबदारी कोणाची?

परीक्षेचे निकाल लागू लागले की चिमूरसारख्या तालुक्याच्या गावी महाविद्यालयाच्या कार्यालयाच्या खिडकीपुढे रांग लागते. कुणाचा निकाल राखून ठेवलेला असतो, कुणाच्या गुणपत्रिकेत एका विषयाची जागा कोरी असते, तर कुणाला पेपर लिहूनही गैरहजर ठरविलेले असते. खिडकीआडच्या लिपिकापाशी एकच उत्तर असते: संगणकात दिसत नाही. ते उत्तर खोटे नसते. पण संगणकात का दिसत नाही, हे तो सांगू शकत नाही आणि ज्याने सांगावयाचे तो कोण, हेही त्याला ठाऊक नसते. विद्यापीठांच्या संगणकीकरणाचा खरा प्रश्न या खिडकीपाशी सुरू होतो.

चिमूरच्या विद्यार्थ्याला विद्यापीठ कधीच जवळ नव्हते. २०११ पर्यंत हा प्रदेश नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत होता. त्या वर्षी चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ अस्तित्वात आले आणि त्याचे मुख्यालय गडचिरोलीला झाले. तरीही एका चुकीच्या दुरुस्तीसाठी चिमूरहून गडचिरोली गाठावयाची तर एसटीच्या प्रवासात दिवस मोडतो; सिरोंच्याच्या विद्यार्थ्याला तर सुमारे दोनशे किलोमीटर जावे लागते. अशा प्रदेशात संगणक ही चैन नव्हे. अर्ज, प्रवेशपत्र, निकाल, प्रमाणपत्र हे सारे गावीच मिळावे, यापरते मोठे शैक्षणिक साहाय्य दुसरे नाही. म्हणूनच ही यंत्रणा कोलमडली तर शहरातल्यापेक्षा येथला विद्यार्थी अधिक नाडला जातो. शहरातला विद्यार्थी निदान विद्यापीठाच्या दारात जाऊन उभा तरी राहू शकतो.

मुंबईचा धडा

यंत्रणा कशी कोलमडते, हे २०१७ साली मुंबई विद्यापीठाने महाराष्ट्राला दाखवून दिले. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाने त्या वर्षीच्या उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका पडद्यावर तपासण्याचे ठरविले. कल्पना वाईट नव्हती. उत्तरपत्रिकांची छायाचित्रे संगणकात घालावीत, परीक्षकाने ती आपल्या केंद्रावर बसून तपासावीत, बेरीज यंत्राने करावी, यात गैर असे काहीच नाही. परंतु परीक्षा सुरू झाल्यावर तपासणीचे कंत्राट दिले गेले. सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका एकाच हंगामात, सर्व विद्याशाखांत एकदम, नव्या पद्धतीने तपासण्याचा घाट घातला गेला. प्राध्यापकांचे प्रशिक्षण घाईघाईने उरकण्यात आले. परिणाम व्हावयाचा तोच झाला. उत्तरपत्रिकांची सरमिसळ झाली, काही सापडेनात, परीक्षक पडद्यापुढे ताटकळत राहिले. कुलपतींनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, तीही टळली. तपासणीसाठी महाविद्यालयांतील अध्यापन काही दिवस बंद ठेवावे लागले आणि नागपूर विद्यापीठातील प्राध्यापकांची मदत घ्यावी लागली. अखेर २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले.

कुलगुरू गेले, परंतु ज्या विद्यार्थ्यांचे पुढील शिक्षणाचे प्रवेश हुकले, त्यांचे गेलेले वर्ष कोणी परत आणून दिले? दोष एका व्यक्तीच्या माथी मारून प्रकरण मिटविणे सोपे असते. पण परीक्षा तोंडावर आल्या असताना ‘यंदा नको, आधी एका शाखेत करून पाहू’ असे म्हणण्याचा अधिकार आणि धैर्य त्या साऱ्या समित्यांत व मंडळांत कोणाकडेच नसावे, हे अधिक चिंताजनक होय.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे समजण्याचे कारण नाही. केंब्रिजसारख्या जगन्मान्य विद्यापीठाने २००० सालच्या ऑगस्टमध्ये जमाखर्चाची नवी संगणक पद्धत एकदम सर्वत्र लागू केली, आणि विभागांना साधे सामान मागविणे व देणी भागविणे कठीण होऊन बसले. पुढल्या वर्षी त्या विद्यापीठाने शॅटॉक आणि फिंकेलस्टाइन या दोन बाहेरच्या तज्ज्ञांकडून चौकशी करविली. तयारी अपुरी होती, शिक्षण अपुरे होते आणि प्रकल्पाची जबाबदारी नेमकी कोणाची हे स्पष्ट नव्हते, असेच त्यातून निष्पन्न झाले. मात्र केंब्रिजने तो अहवाल कपाटात बंद केला नाही, तो प्रसिद्ध केला. आपल्या विद्यापीठांनी निदान एवढे अनुकरण करावयास हरकत नसावी.

जुने सारे सोने नव्हे

यावर काही जण म्हणतील की, यंत्राचा हा खटाटोप नकोच. लेखणी आणि नोंदवही बरी. पण लेखणीचा इतिहास तरी कोठे निष्कलंक आहे? १९९९ मध्ये नागपूर विद्यापीठात उघडकीस आलेले गुणवाढीचे प्रकरण विदर्भ विसरलेला नाही. चिमूरचे विद्यार्थी तेव्हा त्याच विद्यापीठाचे होते आणि त्या बदनामीचा डाग निरपराध पदवीधरांनाही सोसावा लागला. शिवाय आता मागे फिरण्याची वाटही उरलेली नाही. विद्यार्थ्यांचे श्रेयांक साठविणारी पेढी २०२१ पासून देशात सुरू झाली आहे. म्हणजे एका विद्यापीठातील चुकीची नोंद आता विद्यार्थ्याबरोबर दुसऱ्या विद्यापीठातही जाणार.

कायद्यात तरतूद नाही असेही नाही. १ मार्च २०१७ पासून लागू झालेल्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने प्रत्येक विद्यापीठात माहिती तंत्रज्ञान मंडळ असावे असे सांगितले आहे. अध्यापन, वित्त आणि प्रशासन यांसाठी लागणाऱ्या संगणक प्रणालींची निवड व वापर जाणकारीने व्हावा, हे त्या मंडळाचे काम. निकाल शक्यतो तीस दिवसांत आणि कोणत्याही परिस्थितीत पंचेचाळीस दिवसांत लावण्याचे बंधनही त्याच अधिनियमात आहे. मुंबईचा गोंधळ हा कायदा लागू झाल्यानंतर अवघ्या काही महिन्यांत घडला. तेव्हा मंडळ नेमले म्हणजे देखरेख झाली, या भ्रमात कोणी राहू नये.

देखरेख करावयाची तर काही गोष्टी निविदा काढण्यापूर्वीच ठरल्या पाहिजेत. प्रत्येक प्रकल्पाला एक जबाबदार अधिकारी हवा आणि परीक्षेचे एक पूर्ण चक्र पार पडेपर्यंत त्याला हलवू नये. काम आज कसे चालते, हे महाविद्यालयातील लिपिकांना विचारून लिहून काढावे. कारण यंत्र कोठे अडेल हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. नवी पद्धत आधी एका लहान शाखेत चालवावी आणि एक सत्र तरी जुनी पद्धत तिच्या जोडीने चालू ठेवावी. कंत्राट संपल्यावर विद्यार्थ्यांची सारी माहिती विद्यापीठाला कोणत्या स्वरूपात परत मिळेल, हे करारात स्पष्ट असावे. अन्यथा कंत्राटदार बदलणे अशक्य होऊन विद्यापीठच त्याच्या दावणीला बांधले जाते. आणि झालेला खर्च, झालेल्या चुका व दुरुस्तीस लागलेले दिवस यांचा हिशेब अधिसभेपुढे उघडपणे ठेवावा.

आणखी एक गोष्ट. नव्या प्रणालीची चाचणी मुख्यालयाच्या वातानुकूलित दालनात घेऊन भागणार नाही. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क वर्षानुवर्षे पावसाळ्यात तुटत आला आहे. वीज गेली की फोनही मुका होतो, हा अनुभव या जंगलपट्ट्यात नवा नाही. जी प्रणाली अशा दिवशी आणि अशा ठिकाणी टिकेल, तीच विद्यापीठाने आपली म्हणावी. जी गडचिरोलीत चालते पण चिमूर-भामरागडला अडते, ती अपुरी समजून परत पाठवावी.

चिमूरने १६ ऑगस्ट १९४२ रोजी परक्या सत्तेला जाब विचारला होता. स्वतःच्या विद्यापीठाला जाब विचारण्यासाठी तेवढ्या पराक्रमाची गरज पडू नये. खिडकीपुढच्या विद्यार्थ्याला ‘चूक कोणाची आणि ती कोणत्या तारखेपर्यंत दुरुस्त होईल’ या साध्या प्रश्नाचे लेखी उत्तर मिळू लागेल, त्याच दिवशी विद्यापीठाचे संगणकीकरण झाले असे म्हणता येईल.