मोबाइलमधला सूर्यास्त

अंजनगाव सुर्जीच्या तरुणांच्या मोबाइलवर हल्ली सूर्य दिवसातून कितीही वेळा मावळतो. भर दुपारी टिपलेले पानमळ्याचे वा केळीच्या बागेचे छायाचित्र हाती असले, की काम दोन मिनिटांचे. वॉर्म्थ वाढवावी, एक्स्पोजर थोडे उतरवावे, क्षितिजापाशी केशरी छटा दाट ठेवून ती वर विरळ करीत न्यावी. निळे आकाश मात्र सहजी हटत नाही. तो निळा रंग वेगळा निवडून फिका करावा लागतो. खऱ्या सांजवेळी हेच काम हवा करते: किरणांची हवेतील वाट लांबते, निळा प्रकाश विखुरला जातो आणि तांबडा उरतो.

चोखंदळ नजर तरीही फसत नाही. झाडाची सावली बुंध्याशीच गोळा झालेली असेल, तर ती दुपारच होय. दिशाही गुपित फोडते. येथून चिखलदरा जवळजवळ थेट उत्तरेला. त्यामागे सूर्य बुडताना दाखविणारे चित्र कोणत्याच ऋतूतले नसते. चौविहारासाठी सूर्यास्ताची वेळ मिनिटांपर्यंत पाहणाऱ्या घरांतील मुलांना तरी हे जाणवायला हवे!

हौस म्हणून यात गैर काही नाही. चित्राखाली ‘रंग बदलले आहेत’ एवढे लिहिले की झाले. चिंता वाटते ती निराळीच. हीच वॉर्म्थ संत्र्यांच्या छायाचित्रावर चढवली, की हिरवट साल पिवळी दिसते. दूरच्या व्यापाऱ्याने व्हॉट्सॲपवर तो माल पाहून भाव ठरवला आणि ट्रक उतरवताना खरा रंग पाहिला, तर पुढल्या हंगामात तो आपला फोन उचलणार नाही.