सर्व्हिस चार्ज, जीएसटी, टिप... कोपऱ्यावरच्या हॉटेलच्या बिलातले पैसे नेमके कुणाला जातात?

रविवारची संध्याकाळ. घरात कुणालाच स्वयंपाक करायचा नाही. मग ठरतं, "चला, कोपऱ्यावरच्या हॉटेलात जाऊ." आजी-आजोबा, आई-बाबा, मुलं आणि ऐनवेळी फोन करून आलेला एखादा मित्र. दोन टेबलं जोडली जातात, पावभाजी, डोसा, एखादी पंजाबी भाजी येते, गप्पा होतात आणि शेवटी बडीशेपेच्या वाटीसोबत बिल येतं.

इथे आजोबा चष्मा लावतात आणि विचारतात, "हा सर्व्हिस चार्ज कसला? आणि त्याच्यावर पुन्हा टॅक्स?"

टेबलवर शांतता. पोरं म्हणतात, "जाऊ दे ना आजोबा." बाबा यूपीआयने पैसे भरून मोकळे होतात.

पण आजोबांचा प्रश्न बरोबर आहे. या बिलातल्या काही ओळी कायद्याने भराव्याच लागतात, काही भरायच्या की नाही ते ग्राहकाने ठरवायचं असतं आणि काही तर त्या बिलात असायलाच नकोत. कोणती ओळ कशात मोडते, समजून घेऊया.

सर्व्हिस चार्ज द्यावाच लागतो का?

नाही. सर्व्हिस चार्ज हा सरकारी कर नाही. तो हॉटेलने स्वतः ठरवलेला आकार असतो, बहुतेक वेळा बिलाच्या ५ ते १० टक्के.

४ जुलै २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातले मुद्दे सोपे आहेत. हॉटेलने बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावायचा नाही. दुसरं नाव देऊनही तो वसूल करायचा नाही. तो ऐच्छिक आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगायचं. देणार नसाल तर आत प्रवेश नाही, असं म्हणायचं नाही. आणि तो खाण्याच्या रकमेत मिळवून एकूण रकमेवर जीएसटी लावायचा नाही.

हॉटेल व्यावसायिकांच्या दोन मोठ्या राष्ट्रीय संघटना याविरोधात दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. सर्व्हिस चार्जचे पैसे वेटरपासून स्वयंपाकघरात भांडी घासणाऱ्यापर्यंत सगळ्यांत वाटले जातात आणि दर काय ठेवायचे हा आमचा प्रश्न आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या. सक्तीने सर्व्हिस चार्ज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं सांगत न्यायालयाने प्राधिकरणाच्या सूचना कायम ठेवल्या. या निकालाविरोधात संघटनांनी खंडपीठाकडे अपीलही केलं.

आता फरक किती पडतो तो पाहू. समजा, जेवण १,००० रुपयांचं झालं. त्यावर ५ टक्के जीएसटी धरला तर बिल होतं १,०५० रुपये. पण हॉटेलने १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला तर रक्कम होते १,१०० आणि त्यावर जीएसटी ५५ रुपये. म्हणजे बिल १,१५५. एका जेवणामागे १०५ रुपये जास्त, आणि त्यातले ५ रुपये हे न देण्याच्या आकारावरचा कर.

गल्लीतल्या छोट्या हॉटेलांत हा प्रकार क्वचित दिसतो. तिथे दुसरीच गडबड जास्त असते, ती म्हणजे जीएसटीची.

प्रत्येक हॉटेल जीएसटी लावू शकतं का?

नाही, आणि हेच अनेकांना माहीत नसतं. ढोबळमानाने हॉटेलांचे तीन गट पडतात.

पहिला गट अगदी छोट्यांचा. वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही. कोपऱ्यावरची पोळीभाजीची खानावळ, वडापावची गाडी यात येतात. नोंदणी नाही म्हणजे जीएसटी घेण्याचा अधिकारही नाही.

दुसरा गट कंपोझिशन योजनेतल्या हॉटेलांचा. वार्षिक उलाढाल दीड कोटी रुपयांपर्यंत असेल तर हॉटेलमालक ही योजना निवडू शकतो. यात तो उलाढालीच्या ५ टक्के कर सरकारला भरतो, पण स्वतःच्या खिशातून. ग्राहकाकडून तो वेगळा वसूल करता येत नाही. अशा हॉटेलने 'टॅक्स इन्व्हॉइस' द्यायचं नसतं, 'बिल ऑफ सप्लाय' द्यायचं असतं. आपण कंपोझिशनमध्ये आहोत आणि ग्राहकाकडून कर घेऊ शकत नाही, हे त्या बिलावर छापणंही बंधनकारक आहे. दारू विकणाऱ्या हॉटेलांना ही योजना घेता येत नाही.

तिसरा गट नियमित नोंदणी असलेल्यांचा. ही हॉटेलं बिलात ५ टक्के जीएसटी लावतात. अडीच टक्के केंद्राचा आणि अडीच टक्के राज्याचा, म्हणून बिलात दोन ओळी दिसतात. एसी असो वा नसो, दर तोच. मोठ्या तारांकित हॉटेलांतली रेस्टॉरंट मात्र वेगळ्या दरात मोडतात.

मग ओळखायचं कसं? बिलावर १५ अक्षर-अंकांचा जीएसटी क्रमांक असतो. महाराष्ट्रातल्या हॉटेलचा क्रमांक २७ ने सुरू होतो, गोव्यातल्या हॉटेलचा ३० ने. जीएसटीच्या वेबसाइटवर हा क्रमांक टाकला की हॉटेल नियमित आहे की कंपोझिशनमध्ये, ते एका मिनिटात कळतं. बिलावर क्रमांकच नाही आणि तरी जीएसटी लावलाय, तर तिथेच थांबून विचारायला हवं.

आणखी एक. दारूवर जीएसटी लागत नाही, राज्याचा व्हॅट लागतो. त्यामुळे 'फॅमिली रेस्टॉरंट व परमिट रूम' अशी पाटी असलेल्या ठिकाणी जेवणाचा आणि दारूचा कर वेगवेगळा दिसायला हवा.

५ टक्के कर म्हणजे हॉटेलवाल्याची चंगळ?

उलट आहे. इथे गोष्टीची दुसरी बाजू सुरू होते.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा बिगर-एसी हॉटेलांना १२ टक्के आणि एसी हॉटेलांना १८ टक्के दर होता. पण त्या वेळी हॉटेलला इनपुट टॅक्स क्रेडिट मिळायचं. सोप्या भाषेत, माल विकत घेताना भरलेला कर हॉटेलला पुढच्या करातून वळता करता यायचा. हा फायदा हॉटेलं ग्राहकांपर्यंत पोहोचवत नाहीत अशी तक्रार झाली आणि १५ नोव्हेंबर २०१७ पासून दर ५ टक्क्यांवर आणला गेला. सोबत क्रेडिटही काढून घेतलं.

ग्राहकाला बिल हलकं झालेलं दिसलं. हॉटेलवाल्याचं गणित मात्र बदललं. स्वयंपाकाच्या १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरवर १८ टक्के जीएसटी आहे, घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरवर ५ टक्के. जागामालक नोंदणीकृत असेल तर भाड्यावरही १८ टक्के. हा सगळा कर आता हॉटेलच्या खर्चात जातो, परत मिळत नाही. त्यात व्यावसायिक सिलिंडरचा दर साधारणपणे दर महिन्याच्या १ तारखेला बदलतो. मेन्यूकार्ड मात्र दर महिन्याला छापता येत नाही. मोठी साखळी हा फरक पचवते, आठ टेबलांचं हॉटेल एक तर दर वाढवतं किंवा वाटीतली भाजी कमी करतं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, त्यात थोडा दिलासा मिळाला. पॅकबंद पनीरवरचा कर शून्यावर आला. लोणी, तूप आणि चीजवरचा १२ वरून ५ टक्क्यांवर आला. क्रेडिट मिळत नसल्यामुळे ही कपात हॉटेलच्या खर्चात थेट दिसते. म्हणून "पनीरवरचा कर गेला, मग पनीर मसाला स्वस्त का नाही?" हा प्रश्न योग्य आहे. पण त्याचं उत्तर देताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. अनेक छोटी हॉटेलं डेअरीतून सुटं पनीर घेतात, त्यावर आधीही कर नव्हता. आणि गॅस, भाड्यावरचे १८ टक्के जिथल्या तिथे आहेत.

घरी मागवलं तर हॉटेलला तेवढेच पैसे मिळतात का?

ॲपवरून मागवलं की गणित पुन्हा बदलतं. १ जानेवारी २०२२ पासून ॲपवरच्या जेवणाचा ५ टक्के जीएसटी हॉटेलऐवजी ॲप कंपनी भरते. यामुळे एक गंमत होते. नोंदणी नसलेल्या खानावळीत बसून थाळी खाल्ली तर जीएसटी शून्य. तीच थाळी ॲपवरून मागवली तर ५ टक्के.

खरा फरक कमिशनचा आहे. प्रत्येक हॉटेलचा करार वेगळा असतो. समजा, एखाद्या हॉटेलसाठी ते २० टक्के आहे. १,००० रुपयांच्या ऑर्डरवर २०० रुपये कमिशन गेलं. त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३६ रुपये. त्याचं क्रेडिटही मिळत नाही. हॉटेलच्या हातात राहिले ७६४. टेबलवर बसून खाल्लेल्या १,००० रुपयांइतकीच रक्कम हातात यायची तर ॲपवर दर सुमारे १,३१० ठेवावा लागेल. एकाच डोशाचे ॲपवर आणि हॉटेलात दोन भाव का दिसतात, त्याचं हे मोठं कारण आहे.

ग्राहकाच्या बाजूनेही डिलिव्हरी, पॅकिंग आणि प्लॅटफॉर्म फी जोडली जाते. २०२३ मध्ये ऑर्डरमागे २ रुपयांपासून सुरू झालेली ही फी पुढे १० रुपयांच्या वर गेली. ॲप कंपन्यांच्या अटींबद्दल हॉटेल व्यावसायिकांनी तक्रार केल्यावर भारतीय स्पर्धा आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये दोन मोठ्या कंपन्यांच्या चौकशीचे आदेशही दिले होते.

याचा अर्थ ॲप वाईटच असं नाही. पावसात, आजारपणात, रात्री उशिरा ते उपयोगी पडतं आणि ज्या हॉटेलला बसायला जागाच नाही त्याला गिऱ्हाईक मिळवून देतं. पण ज्या हॉटेलापर्यंत पाच मिनिटांत चालत जाता येतं, तिथूनही ॲपवर मागवल्यावर दोन्ही बाजूंचे पैसे मधेच खर्च होतात.

मग वेटरचं काय?

सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही हे कळल्यावर अनेकांच्या मनात हाच प्रश्न येतो. संघटनांच्या युक्तिवादातला हा भाग दुर्लक्ष करण्यासारखा नाही. पण सर्व्हिस चार्ज हॉटेलच्या खात्यात जमा होतो. त्यातला किती वाटा कुणाला मिळाला हे ग्राहकाला दिसत नाही.

टिपचं तसं नाही. ती थेट हातात जाते. फक्त यूपीआय आल्यापासून बडीशेपेच्या वाटीत सुटे पैसे ठेवण्याची सवय कमी होत चालली आहे. काउंटरवरचा क्यूआर कोड मालकाचा असतो, वेटरचा नसतो. बिल अचूक भरलं जातं आणि ज्याने तीनदा गरम पोळ्या आणून दिल्या त्याला काहीच मिळत नाही. खिशात दहा-वीसच्या दोन-चार नोटा ठेवणं हा यावरचा साधा उपाय आहे.

या छोट्या हॉटेलांचं एवढं का?

महाराष्ट्रात बाहेर खाण्याची सुरुवात चैनीतून झाली नाही. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले कामगार खानावळींवर जगले आणि त्यातल्या कितीतरी खानावळी बायका आपल्या खोलीतून चालवत होत्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांना बँकेचं कर्ज आणि पत मिळावी म्हणून. माटुंग्याचं रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून परवडणारं घरगुती जेवण देत आलं आहे. कमी दर, कमी नफा, रोजची तीच माणसं, यावर हा धंदा चालत आला.

आजही बारशाचं जेवण, निकालाची पार्टी, जुन्या मित्रांची भेट याच ठिकाणी होते. बाहेर जेवणं हे ज्यांच्यासाठी महिन्यातून एकदाच असतं, त्यांना परवडणारी जागाही हीच. ती टिकायची तर ग्राहकाची फसवणूक नको आणि मालकाचं कंबरडंही मोडायला नको.

पुढच्या वेळी बिल आलं की काय पाहायचं?

सर्व्हिस चार्ज लावलाय का, ते आधी पाहा. द्यायचा नसेल तर तो काढून नवं बिल द्यायला शांतपणे सांगा. जीएसटी लावला असेल तर जीएसटी क्रमांक आहे का पाहा. 'बिल ऑफ सप्लाय' असेल तर त्यात कराची ओळ नको. १ जानेवारी २०२२ पासून बिलावर १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक असणंही आवश्यक आहे, तो नजरेखालून घाला.

हॉटेलने ऐकलं नाही तर बिलाचा फोटो ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करा. जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते.

आणि बिल बरोबर असेल, जेवण आवडलं असेल, तर निघताना वेटरच्या हातात दोन नोटा ठेवायला विसरू नका. त्या ओळीवर कर लागत नाही.