सही कुणाची?



बँकेत क्लार्क म्हणून वीसेक वर्षे काउंटरवर काढली. या नोकरीने एक गोष्ट पक्की शिकवली. व्हाउचरवर दोन सह्या असल्याशिवाय पैसा हलत नाही. एक करणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. संध्याकाळी शंभर रुपयांचा फरक आला तरी कुणाला विचारायचे ते ठाऊक असते. शंभर रुपयांना जी शिस्त, ती माणसाच्या जिवाला का नसावी?

आपल्या काचीगुडा, बडी चावडी, सुलतान बाजार भागातले जुने वाडे गेले, तिथे अपार्टमेंट उभी राहिली. आज प्रत्येक जिन्याखाली दोन-चार इलेक्ट्रिक स्कूटर्स उभ्या दिसतात. दुसऱ्या मजल्यावरून एक्स्टेन्शनची वायर खाली सोडलेली असते आणि चार्जिंग रात्रभर चालू. वर आपले म्हातारे आई-वडील झोपलेले. उतरायचा जिना एकच.

१२ सप्टेंबर २०२२ ची रात्र आपण विसरलो का? सिकंदराबादला खाली इलेक्ट्रिक स्कूटर्सची शोरूम, वर लॉज. आग खाली लागली, धूर जिन्याने वर चढला. आठ माणसे गेली. त्याच वर्षी मार्चमध्ये वेल्लोरला घरात चार्जिंगला लावलेल्या गाडीने पेट घेतला आणि बाप-लेक दगावले. त्यानंतर केंद्र सरकारने बॅटरीचे नियम कडक केले आणि १ डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू केले. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

गैरसमज नको. मी इलेक्ट्रिक गाडीच्या विरोधात नाही. पेट्रोलच्या गाड्याही पेटतात. पण लिथियम बॅटरीची आग वेगळी. एक सेल तापला की शेजारचा तापतो, त्यातून विषारी धूर निघतो आणि विझली असे वाटणारी आग पुन्हा भडकते. म्हणून ती जिन्याखाली नको, मोकळ्या जागेत हवी. हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. तेलंगण सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये या गाड्यांचा रोड टॅक्स आणि नोंदणी फी माफ केली. चांगले केले. पण सवलतीचा जेवढा गाजावाजा झाला, तेवढा चार्जिंग कुठे करावे याचा झाला का?

आता पुढची पायरी. विनाचालक टॅक्सी! आपल्या शेजारी कंदीच्या आयआयटीच्या आवारात २०२५ साली विनाचालक बस धावू लागली. हायटेक सिटीत नोकरी करणारे आपले भाचे-पुतणे म्हणतात, “काका, यंत्र पीत नाही, पेंगत नाही. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर एक लाख अडुसष्ट हजारांहून जास्त माणसे मेली, ती माणसांच्याच हातून ना?” मुद्दा खोटा नाही. अमेरिकेत वेमो कंपनीने स्वतः प्रसिद्ध केलेले आकडेही तिच्या गाड्यांचे अपघात कमी असल्याचेच सांगतात. मी यंत्राच्या हुशारीवर शंका घेत नाही. मी विचारतो, सही कुणाची?

१८ मार्च २०१८ रोजी अमेरिकेत टेम्पी गावी उबरच्या चाचणीतल्या स्वयंचलित गाडीने रस्ता ओलांडणाऱ्या बाईला ठार केले. कंपनीवर फौजदारी खटला झालाच नाही. शिक्षा झाली ती गाडीत देखरेखीला बसवलेल्या नोकरदार बाईला, तीन वर्षांचे प्रोबेशन. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दुसऱ्या मोटारीची धडक बसून पडलेल्या एका बाईला क्रूझ कंपनीच्या विनाचालक टॅक्सीने सुमारे वीस फूट फरफटत नेले. कंपनीने सरकारला खोटा अहवाल दिला, २०२४ मध्ये तसे कबूल केले आणि पाच लाख डॉलर दंड भरून मोकळी झाली. अमेरिकेत ही गत, तर इथे?

आपल्याकडे अपघाताचा दावा लावताना चालक, मालक आणि विमा कंपनी अशा तिघांना उभे करता येते. चालकच नसेल तर? मालक म्हणेल सॉफ्टवेअरचा दोष, सॉफ्टवेअरवाला परदेशात बसलेला, विमा कंपनी पॉलिसीतले बारीक अक्षर दाखवणार. विधवेने कुणाच्या दारात जायचे?

आणि या ताफ्यांचे हिशेब तरी कसे असतात? सेबीचा १५ एप्रिल २०२५ चा अंतरिम आदेश बँकवाल्याच्या नजरेने वाचा. जेनसोल कंपनीने ६,४०० इलेक्ट्रिक गाड्यांसाठी सरकारी वित्तसंस्थांकडून ६६३.८९ कोटींचे कर्ज घेतले. गाड्या घेतल्या ४,७०४, त्याही ५६७.७३ कोटींच्या. कंपनीने घालायचा स्वतःचा हिस्सा धरला तर सुमारे २६२ कोटींचा हिशेब लागत नाही. त्या गाड्या वापरणारी ब्लूस्मार्ट टॅक्सी लगेच बंद पडली आणि हजारो चालक एका रात्रीत घरी बसले. आपण एक हप्ता चुकवला तर बँक दारात उभी राहते!

नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात सांगितले, चालकांच्या रोजगारासाठी विनाचालक गाड्या येऊ देणार नाही. भावना चांगली आहे. पण मंत्र्याचा शब्द म्हणजे कायदा नव्हे. मंत्री बदलतात, कंपन्या वाट पाहतात.

म्हणून येत्या सभेत दोन ठराव मांडणार आहे. पहिला, सुरुवात आपल्या घरापासून: आपल्या सभागृहाच्या आणि सभासदांच्या इमारतींच्या जिन्याखाली चार्जिंग बंद, त्यासाठी मोकळ्या जागी स्वतंत्र पॉइंट. दुसरा, मत मागायला येणाऱ्या प्रत्येक आमदार-खासदाराकडून लेखी उत्तर: विनाचालक गाडीने माणूस मारला तर आरोपी कोण, आणि भरपाई किती दिवसांत?

उत्तर तोंडी नको. कागदावर हवे, खाली सहीसकट.