कर्जबाजारी म्हणून अविश्वासू?

औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याच्या माळावर ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असलेल्या या प्रकल्पास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. अपेक्षित खर्च २६०० कोटी रुपये. आपल्या गावाजवळच्या या वेधशाळेत नोकरी मिळावी, असे परिसरातील पदवीधर तरुणास वाटल्यास नवल नाही. अब्जावधी वर्षांपूर्वी आदळलेल्या कृष्णविवरांची वार्ता टिपण्यात लपविण्याजोगे काय असते, हा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवू. प्रकल्प अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे आणि केंद्राच्या सेवेत शिरणाऱ्याच्या चारित्र्याची व पूर्वेतिहासाची पडताळणी होतेच. बापाच्या पीककर्जाला सहकर्जदार म्हणून सही केलेल्या, स्वतःचे शैक्षणिक कर्ज थकलेल्या मुलाने या पडताळणीस सामोरे जावे कसे?

कर्जबाजारी मनुष्य दडपणाला वा प्रलोभनाला बळी पडू शकतो, ही शंका सर्वस्वी निराधार नाही. अमेरिकेच्या गुप्तचर खात्यातील ऑल्ड्रिच एम्स याने १९८५ मध्ये पैशाच्या अडचणीत असतानाच सोव्हिएत हेरखात्याला गुपिते विकण्यास आरंभ केला. परंतु या उदाहरणाचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. गुपिते विकल्यानंतर एम्स कर्जबाजारी राहिला नाही. त्याने ५ लाख ४० हजार डॉलरचे घर रोखीने घेतले, जॅग्वार मोटार घेतली, आणि तरीही १९९४ पर्यंत तो मोकळा राहिला. म्हणजे ज्या काळात तो देशाला सर्वांत धोकादायक होता, त्या काळात थकबाकीदारांच्या यादीत त्याला शोधणे व्यर्थ ठरले असते.

तेथील सुरक्षा-परवान्याचे निकष छापील आहेत. जून २०१७ पासून अमलात असलेल्या नियमावलीत थकलेले कर्ज ही शंकेची बाब मानली आहे. मात्र नोकरी जाणे, धंदा बसणे, आजारपण, मृत्यू अशा आपल्या हाताबाहेरील कारणांनी कर्ज झाले असेल आणि माणूस जबाबदारीने वागला असेल, तर ती शंका दूर होऊ शकते. परवाना नाकारल्यास कारणे लेखी मिळतात व अपील करता येते. भांडवलशाहीच्या माहेरघरी एवढी तरी सोय आहे!

आपल्याकडे काय आहे? केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील नियम १७ सांगतो की, कर्मचाऱ्याने सवयीचा कर्जबाजारीपणा टाळावा. त्याखालची टीप अधिक बोलकी आहे: कर्ज आपल्या आवाक्याबाहेरील परिस्थितीमुळे झाले, उधळपट्टीमुळे नव्हे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी कर्मचाऱ्यावरच. खरी मेख येथे आहे. कर्ज झाले की मनुष्य उधळ्या, असे गृहीत धरायचे आणि ते खोडून काढण्याचे ओझे त्याच्याच डोक्यावर ठेवायचे. हा नियम सेवेत दाखल झालेल्यांसाठी आहे. परंतु दाराबाहेर उभ्या असलेल्यांकडेही याच दृष्टीने पाहिले जाऊ लागले आहे. कर्जफेडीच्या नोंदी सदोष म्हणून एका उमेदवाराची नियुक्ती स्टेट बँकेने रद्द केली. अर्जाच्या वेळी आपण सर्व कर्ज फेडलेले होते, असे त्याचे म्हणणे होते. तरी मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये बँकेचा निर्णय कायम ठेवला. जनतेचा पैसा हाताळणाऱ्याकडून शिस्त अपेक्षावी, हे मान्य करता येईल. पण तीच फूटपट्टी गोपनीय पडताळणीत शिरली, तर उमेदवाराला कारणही कळणार नाही.

पतनोंदीत हप्ता चुकल्याची तारीख असते. त्या महिन्यात शिवारात काय घडले, ते नसते. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातील सोयाबीन उभ्याने कुजले. त्या हंगामातील थकबाकीदाराला कोणत्या उधळपट्टीचा हिशेब मागणार? इंग्रज सरकारनेसुद्धा १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांनंतर, १८७९ च्या कायद्याने, दिवाणी न्यायालयांना शेतकऱ्याच्या कर्जाचा मागचा इतिहास तपासावयास लावले होते. केवळ खतावर विसंबून चालणार नाही, इतके परक्या सत्तेलाही उमगले होते.

म्हणून पक्षाच्या कार्यकर्त्यांनी एक नेमकी मागणी लावून धरावी. शासन गावोगावची पैसेवारी दरवर्षी जाहीर करते. ज्या वर्षी गावाची पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली असेल, त्या वर्षाच्या शेतीच्या थकबाकीवरून कुटुंबातील कोणाच्याही सचोटीविषयी प्रतिकूल अनुमान काढता कामा नये, आणि पुराव्याची जबाबदारी संशय घेणाऱ्यावर असावी. थकबाकीमुळे कोणास नाकारले, तर कारण लेखी द्यावे व अपिलाची मुदत ठरवावी. यासाठी नवे खाते उघडण्याची गरज नाही. पडताळणीसाठी पोलीस गावात येतो, त्याच तालुक्याच्या तहसील कचेरीत पैसेवारीचे कागद पडून असतात.