तंटामुक्त गाव, पण तंटा कोणाचा?

१५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू आहे. ठाण्याचे साहेब गावात येतात, ग्रामसभा बोलावून समिती निवडायला लावतात, पोलीस पाटील त्या समितीत असतोच. गावातले भांडण गावातच मिटवा, गाव तंटामुक्त झाले की लोकसंख्येप्रमाणे एक लाखापासून दहा लाखांपर्यंत बक्षीस मिळेल, असे सांगतात. समिती करावी का, मेळाव्याला जावे का, असे बऱ्याच गावांनी आम्हाला विचारले आहे. म्हणून या अंकात तेवढेच लिहितो आहोत.

भांडण गावात मिटवायला आम्हाला कोणी शिकवायची गरज नव्हती. कोणाच्या बैलाने दुसऱ्याच्या बांधीतले धान खाल्ले, कोणी बोडीचे पाणी आपल्याकडे वळवले, नवरा-बायकोचे जमेना, की गोटुलात बसायचे. गायता, पाटील, म्हातारी माणसे दोन्हीकडचे ऐकून घेत. रात्र झाली तरी कोणी उठत नसे. या रिवाजात बायांना बोलायला जागा कमी होती, ते आम्हाला बदलायचे आहे आणि काही गावांत बदलते आहे. पण रिवाज आमचा आहे. १९९६ च्या पेसा कायद्याच्या कलम ४ मध्ये साफ लिहिले आहे की आपल्या रूढी-परंपरा आणि तंटे सोडवण्याची आपली पद्धत जपायला ग्रामसभा सक्षम आहे. मंग जो अधिकार कायद्याने दिला, तो बक्षिसाची योजना काहून झाला?

तरी समितीला विरोध करा असे आमचे म्हणणे नाही. भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरच्या वर. एका तारखेसाठी दोन दिवसांची मजुरी बुडते, वकिलाचे वेगळे, आणि तिथे गेल्यावर पुढची तारीख मिळते. बांधाचे भांडण गावात मिटत असेल तर चांगलेच आहे.

आमचा सवाल दुसरा आहे. मोहिमेच्या कागदावर तंट्यांचे रकाने आहेत: दिवाणी, महसुली, फौजदारी, इतर. आमच्या गावांतला सर्वात जुना तंटा यातल्या कोणत्या रकान्यात भरायचा? तो तंटा शेजाऱ्याशी नाही, जंगल खात्याशी आहे. आजा-पणजाने कसलेली जमीन अतिक्रमण ठरते. जळाऊ लाकडाची मोळी आणली की वनगुन्हा होतो. कुऱ्हाड जप्त, बैलबंडी जप्त. हा तंटा मिटवायला समितीपुढे वनरक्षक येऊन बसेल का?

मेंढा-लेखाचे पाहा. २००९ मध्ये त्या ग्रामसभेला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपज आहे, त्याच्या विक्रीचा हक्क गावाचा आहे. तरी वाहतूक परवान्याचे पुस्तक खात्याने दिले नाही. २७ एप्रिल २०११ ला केंद्राचे मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले, तेव्हा ते हाती पडले. एका पुस्तकासाठी दिल्ली-मुंबईचे मंत्री यावे लागले. बाकी गावांनी कोणाची वाट पाहायची?

आता जनजागरण मेळाव्याबद्दल. तिथे जातीच्या दाखल्याचे फॉर्म भरून घेतात, डॉक्टर येतो, बायांना लुगडी, पोरांना व्हॉलीबॉल. दाखला घ्यायला जरूर जा, तो तुमचा हक्क आहे, कोणाचा उपकार नाही. पण लुगडे घेताना फोटो निघतो, कधी तो पेपरात छापून येतो. साहेब संध्याकाळी गाडीत बसून निघून जातात. आम्ही गावातच राहतो. रात्री दलमवाले आले की फोटोतल्या माणसाला जाब विचारतात. खबऱ्या म्हणून आमच्या जिल्ह्यात किती आदिवासी मारले गेले ते सर्वांना ठाऊक आहे. दलमला भात दिला म्हणून पोलिसांनी उचललेलेही आमच्यातलेच. बंदुकीपुढे भात नाही म्हणायची कोणाची हिंमत आहे? गावबंदीचा ठराव करा आणि निधी घ्या, या योजनेतही हीच गोम आहे. पैसा गावाच्या नावाने येतो, सही मात्र एका माणसाची दिसते. सुरक्षेचा कार्यक्रम गावाला जास्त असुरक्षित करत असेल तर तो तपासून पाहायला पाहिजे.

दारूचे उदाहरण याच्या उलट आहे. गडचिरोलीत १९९३ ला दारूबंदी आली ती गावागावांतून उठलेल्या आंदोलनामुळे. चंद्रपूरच्या बाया त्याच मागणीसाठी डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून पायी नागपूरच्या विधानभवनावर गेल्या. तिथे गाव पुढे होते. पोलिसांकडे मागणी एकच, कायद्याचे काम करा. बायांनी पकडून दिलेल्या दारूवाल्यावर केस करा, दुसऱ्या दिवशी सोडू नका. आम्हाला पाहिजे तो सुरक्षेचा कार्यक्रम असा.

म्हणून गावांना आमचे सांगणे: मेळावा असो की समिती, तारीख ग्रामसभेने ठरवावी, बैठक गोटुलात किंवा शाळेत घ्यावी, कॅम्पात नको. विचारल्याशिवाय फोटो काढू देऊ नये. कोऱ्या कागदावर सही-अंगठा कोणीही करू नये. बाईवरचा अत्याचार, मारहाणीत जीव गेला, ॲट्रॉसिटी, असल्या गोष्टी समितीत मिटवायच्याच नाहीत. मोहिमेत मिटलेल्या तंट्यांना गुण आहेत, आणि गुणांसाठी पोरीच्या बापाला गप्प बसवले जाईल अशी आम्हाला भीती आहे. अशा वेळी सरळ ठाण्यात जा, रिपोर्ट लिहायला लावा आणि नक्कल मागा. ती फुकट मिळते, कायद्यात तसे आहे. साक्षीसाठी बाईला किंवा पंधरा वर्षांखालच्या पोराला ठाण्यात बोलावता येत नाही. अटक झाली तर चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे लागते.

समिती झालीच असेल तर पहिल्या बैठकीत वनगुन्ह्यांची आणि अडकलेल्या वनहक्क दाव्यांची यादी 'इतर' रकान्यात लिहा. ठाणेदार साहेबांनी ती वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे पाठवावी असा ठराव घ्या आणि पोच घ्या. साहेब हसतील, हसू द्या. दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणाला जमिनीवरून काढता येत नाही, कलम ४(५), हेही ठरावात लिहा. ठरावाची नक्कल आणि घरात पडलेल्या वनगुन्ह्यांच्या जुन्या पावत्या पुढच्या तालुका बैठकीला आणा, आम्ही गावनिहाय यादी करतो आहोत.

जोहार.